पाहुण्यांचं बयान

टेरिलिनचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा चष्मा. कचेरीत ज्यांच्या नुसत्या खोकल्याने शिपाई उभे राहत, असे एक साहेब लाकडी बाकावर ताठ बसून पाच-सात अनोळखी माणसांसमोर खणखणीत आवाजात सांगतात, "काल दुपारी मी बाईसाहेबांची पैठणी फाडली आणि पलंगाखाली जाऊन बसलो."

कोणी हसत नाही. शेजारचा माणूस सहानुभूतीने मान हलवतो, कारण त्याचा नंबर पुढचा असतो आणि त्याने आदल्या दिवशी कोंबडीची हाडं गिळलेली असतात.

असं दृश्य तुम्ही कुठे पाहिलं नसेल. मी पाहिलं आहे, आणि इतक्यांदा की नंतर नंतर मला माणसांनी स्वतःविषयी बोललेलंच विचित्र वाटू लागलं. हे सगळं घडत असे डॉक्टर रामटेके यांच्या जनावरांच्या दवाखान्यात. धरमपेठेतल्या बाजारामागच्या गल्लीत एक जुना टांग्याचा तबेला होता. त्याच्या अर्ध्या भागात दवाखाना आणि उरलेल्या अर्ध्या भागात चांदणी. चांदणी कोण ते येईलच. घाई करू नका, ती स्वतःही कधी करत नसे.

या दवाखान्याचा कायदा एकच होता. मालकाला बोलायची परवानगी नाही. डॉक्टर बोलणार ते पेशंटशी, म्हणजे कुत्र्याशी, मांजराशी, शेळीशी. आणि पेशंटला बोलता येत नसल्यामुळे त्याच्या वतीने मालकाने बोलायचं, पण पेशंट होऊन. "ही दोन दिवस खात नाही हो," असं म्हणालात तर डॉक्टर छताकडे बघत. "मी दोन दिवस खाल्लं नाही," म्हणालात की लगेच स्टेथस्कोप कानाला. या प्रकाराला त्यांनी नाव ठेवलं होतं बयान. "पेशंटचं बयान झाल्याशिवाय मी सुई उचलत नाही," हे त्यांचं ब्रीद.

दिसायला डॉक्टर म्हणजे लहान चणीचे, खाकी अर्धी चड्डी, पायात जाड बूट, चष्म्याच्या एका काडीला सुतळी बांधलेली. सरकारी नोकरीत गावोगावच्या गाईम्हशी तपासून त्यांनी मुदतीआधीच राजीनामा दिला होता. उन्हाळ्यात डोक्याला ओला दुपट्टा आणि खिशात लू लागू नये म्हणून कांदा. तो कांदा चांदणी दिवसातून एकदा तरी त्यांच्या खिशातून काढून खायची आणि तो तिला बाधतो, मग का घेऊ दिला म्हणून ते स्वतःलाच रागवायचे.

बोलणं अस्सल नागपुरी. पण त्यातही गंमत होती. आमच्याकडे मोठ्या माणसाला मान द्यायचा तर "जी" म्हणतात, बरोबरीच्याला "गा" आणि घरच्या लेकीसुनेला "वं". डॉक्टर जनावरांना "जी" म्हणत आणि मालकांना "गा". म्हणजे, "काहून जी टायगर, पाय काहून लंगडून राहिले?" असं अदबीने विचारून झालं की त्याच श्वासात टायगरच्या मालकाला, "तू सरक गा तिकडं, उजेड अडवून राहिला."

लकडगंजातल्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याचा हा टायगर. नावाप्रमाणे तो कधीकाळी अल्सेशियन होता. मी पाहिला तेव्हा तो पाय फुटलेल्या गादीसारखा दिसत होता. शेठजी आले तेच तक्रार घेऊन. "डॉक्टरसाब, ये कुछ खाताही नहीं, फिर भी देखो."

डॉक्टरांनी टायगरकडे वळून विचारलं, "कोण बोलून राहिलं जी? मले तर काही आइकू नाही आलं."

शेठजी बावरले. तेव्हा दवाखान्याच्या दुसऱ्या सत्तेने तोंड उघडलं. कौसल्याबाई. पट्ट्या उकळणं, जनावर धरणं, मालकांना धरणं, सगळी कामं त्यांच्याकडे. "शेठ, कुत्रा व्हा," त्या भांडं घासता घासता म्हणाल्या. "लाजू नका. इथं सगळेच होतात. काल तर मास्तरीणबाई बोका झाल्या होत्या."

शेठजींनी इकडे तिकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मैं... मी सकाळी थोडी जिलबी खातो."

"थोडी म्हणजे किती जी?"

"शेठ खाते तितकी."

"अन् शेठ किती खाते?"

यावर टायगरने काहीच सांगितलं नाही. कौसल्याबाई म्हणाल्या, "लिहून घ्या, पेशंट मालकाले सांभाळून घेऊन राहिला."

मग आला डॉक्टरांचा सल्ला. तोही पेशंटलाच. "हे पाहा टायगर, जिलबी बंद. सकाळी अर्धी भाकर, संध्याकाळी दुसरी, मधात काही नाही. अन् या माणसाले रोज सकाळी फिरायले नेत जा. साखळी सोडू नका, तो पळून जाईन." शेठजी रोज सकाळी टायगरच्या मागे मागे लकडगंजातून फिरू लागले. पुढच्या उन्हाळ्यात दोघांनाही गळ्यातले पट्टे, म्हणजे एकाला पट्टा आणि एकाला कमरेचा बेल्ट, नवे घ्यावे लागले.

सल्ल्यांची त्यांची अशीच तऱ्हा. भर मे महिन्यात कोणी दुपारी कुत्र्याला चालवत आणलं, तर मालकाला दारात चपला काढायला लावायचे आणि समोरच्या डांबरी रस्त्यावर उभं करायचे. तो नाचू लागला की आतून विचारायचे, "सांगा जी, कसं वाटून राहिलं?" रामदासपेठेतल्या एक बाई आपल्या पॉमेरेनियनला लोकरीचं जाकीट घालून आणत. नागपुरात, फाल्गुनात. डॉक्टरांनी त्यांना काही सुनावलं नाही. फक्त पॉमेरेनियनच्या कानाशी वाकून म्हणाले, "बाईले सांगा, मले का आइसक्रीमच्या कारखान्यात जायचं आहे? नाही ना? मग काढा ते." बाईंनी जाकीट काढलं. रोज साबणाने आंघोळ घालणाऱ्यांना, सावजीच्या खानावळीतला झणझणीत लाल रस्सा मांजराला चाटवणाऱ्यांना, पिसू मारायला रॉकेल चोळणाऱ्यांना, प्रत्येकाला त्याच्याच जनावराच्या तोंडून कबुली द्यावी लागे. आणि माणूस अशी कबुली एकदा देऊन गेला की पुन्हा ती चूक करायचा नाही.

मी एकदा धीर करून विचारलं होतं, "डॉक्टर, हे नाटक कशाला?" नाटक हा माझा आवडीचा विषय. मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवत असलो तरी गॅदरिंगची जबाबदारी कायम माझ्याकडे.

त्यांनी माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. "मालक आपली लाज वाचवते गा. जनावर झाला की त्याले कुठं दुखते ते समजते."

आता आमचे पाहुणे.

आमच्या घरी बाबांचे एक वरिष्ठ जेवायला आले होते त्या दिवशी एक गावठी कुत्रा त्यांच्या मागोमाग फाटकातून आत आला. तांबडा रंग, एक कान उभा, एक पडलेला. तो वरिष्ठांचा असेल असं आईला वाटलं आणि वरिष्ठांना तो आमचा वाटला. आईने अंगणात त्यालाही पान वाढलं. जेवणं झाली, वरिष्ठ गेले, हा राहिला. "असू द्या," आई म्हणाली, "पाहुणाच आहे." तेव्हापासून त्याचं नाव पाहुणे. आणि ते अनेकवचनीच. "पाहुणे, जेवायला चला." "पाहुण्यांनी अंगणात घाण केली आहे." नवीन माणूस हे ऐकून आमच्या घराविषयी भलतीच समजूत करून घ्यायचा.

आई आणि डॉक्टर यांची जोडी म्हणजे दवाखान्यातला मुख्य कार्यक्रम. पाहुण्यांना काही झालेलं नसलं तरी ती त्यांना घेऊन जायची. बाकावर बसायची, पदर खोचायची आणि सुरू. "डॉक्टर, मी बरा आहे. पण घरातले मोठे साहेब पेपर वाचताना मला पायाने बाजूला करतात. पाठीवर एकदा हात फिरवला तर काय पेन्शन कमी होते त्यांची?"

"अन् खाणं?"

"खाणं उत्तम. सूनबाईच्या हातची पोळी जरा जाड असते, पण मी बोलत नाही."

सूनबाई म्हणजे माझी बायको सुमन, ती बाजूला उभी असायची. घरी परत येताना दोघींची हसून हसून पुरेवाट व्हायची.

मोठे साहेब म्हणजे माझे बाबा. कोर्टात शिरस्तेदार होते. जन्मभर दुसऱ्यांचे जबाब आणि बयानं टाचून, लावून, हवी तेव्हा काढून दिलेला माणूस. बोलणं मोजकं, कपडे पांढरे, हसणं सणासुदीला. डॉक्टरांच्या दवाखान्याला ते "तो तमाशा" म्हणत. "कुत्र्याच्या तोंडून माझी निंदा भर बाजारात होते," असं आईला सुनवायचे. आई म्हणायची, "मग तुम्ही या की एकदा. तुमची बाजू मांडा." "मी," बाबा एकेक शब्द सुटा करून सांगायचे, "कुत्रा होऊन बोलणार नाही."

एका वर्षी थंडीत आई गेली. थोडक्या दिवसांच्या आजाराने. फार सोसावं लागलं नाही तिला, असं सगळे म्हणाले. भेटायला आलेले लोक असं काहीतरी म्हणतातच.

बाबा रडले नाहीत. सगळे विधी नीट केले, आलेल्या लोकांना नमस्कार केला, आणि मग हळूहळू बोलणं बंद केलं. आधी प्रश्न विचारणं थांबलं, मग उत्तरं. "चहा घेता?" तर मान. "पंखा लावू?" तर हात. ताट समोर ठेवलं की दोन घास भात चिवडायचे आणि उठायचे. मी मुलगा, सुमन सून, आम्ही दोघांनी जे जे सुचलं ते केलं. जुने सहकारी बोलावले, रेडिओ त्यांच्या खोलीत नेला, मी तर त्यांना डिवचावं म्हणून पेपरातल्या कोर्टाच्या बातम्या मुद्दाम चुकीच्या वाचल्या. पूर्वी त्यांनी मला मधेच अडवून उभं-आडवं घेतलं असतं. आता नुसते खिडकीबाहेर बघत.

आणि फाटकाशी पाहुणे. आई भाजी घेऊन यायची त्या वेळेला ते फाटकाच्या गजातून नाक बाहेर काढून बसायचे. संध्याकाळ झाली तरी उठायचे नाहीत. सुमनने पोळी दुधात कुस्करली, गूळ घातला, अंडं घातलं. हुंगायचे आणि तोंड वळवायचे. बरगड्या दिसू लागल्या. एका घरात एक आत आणि एक बाहेर, दोघं तसेच झिजत होते, आणि आम्ही मधल्या दारात उभे.

शेवटी सुमनच म्हणाली, "पाहुण्यांना दवाखान्यात न्यायचं. आणि बाबांनीच न्यायचं. मला घरी पापड करायचे आहेत आणि तुम्हाला त्यांची साखळी आवरत नाही." दोन्ही कारणं खोटी होती. पापडांचा तो महिनाही नव्हता. पण बाबांनी काहीही न बोलता चपला घातल्या. मी मागोमाग गेलो.

दवाखान्यात दोन-चार माणसं होती. एक दूधवाला म्हशीच्या कासेविषयी बोलत होता, म्हणजे स्वतःच्या कासेविषयी. बाबांनी ते ऐकून मान खाली घातली. आमचा नंबर आला. पाहुण्यांना टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी दात पाहिले, डोळे पाहिले, पोट चाचपलं, ताप पाहिला. सगळं सावकाश. मग स्टुलावर बसून म्हणाले, "काहून जी पाहुणे, जेवून नाही राहिले म्हणते?"

मी घाईने सुरुवात केली. "मी गेले काही दिवस—"

"तू नाही," डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुह्या तोंडून नाही येत त्याईचं."

 डॉक्टर थांबले. दूधवाला जायचं सोडून थांबला. कौसल्याबाईंच्या हातातली पट्टी तशीच राहिली. मधल्या बांबूच्या तट्ट्यापलीकडून चांदणीने मान बाहेर काढली. हो, आता सांगतो. चांदणी ही टांग्याची घोडी. रिक्षा आल्या, टांगे उठले, तेव्हा तिचा टांगेवाला तिला शेवटचं इंजेक्शन द्या म्हणून घेऊन आला होता. डॉक्टरांनी तिच्या वतीने त्याला बयान द्यायला लावलं. कौसल्याबाई सांगत, तो घोडी होऊन एवढंच म्हणाला, "मी थकली. मले इथंच उभं राहू द्या." आणि रडत निघून गेला. तेव्हापासून ती इथंच उभी.

तर चांदणीने मान बाहेर काढली, बाबांच्या खांद्यावरचा पंचा हुंगला आणि चघळायला घेतला. बाबांनी तो सोडवला नाही. पाहुण्यांच्या पडलेल्या कानाकडे बघत राहिले. मला वाटलं आता उठतील. "तमाशा" म्हणतील. निदान शब्द तरी ऐकू येईल.

"मला भूक नाही," बाबा म्हणाले.

मी किती दिवसांनी त्यांचा आवाज ऐकत होतो. घसा बसलेला होता.

"काहून जी?"

"ताट ठेवणारा हात वेगळा आहे. सून चांगली आहे. तिचं काही चुकत नाही. पण ती माझ्याशी भांडत नाही."

डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

"संध्याकाळी मी फाटकाशी बसतो," बाबा पुढे म्हणाले, कोर्टातल्यासारखं एकेक वाक्य नीट ठेवत. "ती पिशवी घेऊन येते. पिशवीत आधी मला तोंड घालू देते. मग ओरडते. ते ओरडणं ऐकल्यावर मला भूक लागत असे. आता फाटक वाजतं तेव्हा दुसरंच कोणी असतं. प्रत्येक वेळी मी उठतो. प्रत्येक वेळी." आणि जरा वेळाने, "मोठ्या साहेबांनी पाठीवर हात फिरवायला हवा होता. माझ्याही, आणि तिच्याही."

दूधवाल्याने डोळे पुसले. मी भिंतीवरचं गोचीड मारण्याच्या औषधाचं कॅलेंडर फार लक्षपूर्वक वाचलं. त्या दिवसापासून मला ते पाठ आहे.

डॉक्टरांनी बाबांचं सांत्वन केलं नाही. पाहुण्यांच्या समोर वाकून, मोठ्या आजाराच्या पेशंटला सांगावं तसं गंभीरपणे म्हणाले, "पाहुणे, तुमच्या अंगात काही रोग नाही. आता आइका. रोज संध्याकाळी, फाटकाशी बसायच्या वेळेले, तिथं नाही बसायचं. या माणसाले घेऊन इथं यायचं. पायी. जेवण इथं, माह्यासमोर. त्याच्याच हातानं. तो जेवल्याशिवाय तुम्ही जेवू नका, तुम्ही जेवल्याशिवाय त्यानं जेवू नये. समजलं?"

पाहुण्यांनी शेपटी एकदा हलवली. बाबा म्हणाले, "समजलं."

पहिल्या दिवशी सुमनने डब्यात भाकर, वरण आणि थोडी मेथी दिली. बाबांनी घास केला, पाहुण्यांसमोर धरला. त्यांनी हुंगला. कौसल्याबाई ओरडल्या, "खा ना गा बाप्पा. का तुले आता चांदीच्या ताटात वाढू? रोज एवढे नखरे केले तर इंजेक्शन देईन मोठ्या सुईचं." मला वाटलं हे फार झालं. पण पाहुण्यांनी कान टवकारले, एक वर, एक जमेल तितका. कोणीतरी ओरडलं होतं. त्यांनी घास घेतला. बाबांनी दुसरा घास स्वतःच्या तोंडात घातला.

मग ते रोजचंच झालं. बाबा आणि पाहुणे पायी जात, बाकावर बसून एका डब्यात जेवत. घरी त्यांची वाणी परतली, पण सगळी पाहुण्यांच्या नावाने. "पाहुण्यांना आज वरणात मीठ कमी वाटलं." "पाहुण्यांचं म्हणणं आहे की नातवाच्या अक्षराचा सराव घ्यावा." एकदा मी उशिरा आलो तर अंधारातल्या आरामखुर्चीतून आवाज आला, "पाहुणे काळजीत होते." मी पाहुण्यांची माफी मागितली. ते झोपले होते. हळूहळू मधले पाहुणे गळत गेले आणि एके सकाळी बाबा सरळ म्हणाले, "सुमन, पोळी जाड झाली आहे." सुमनने स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे टिपले आणि बाहेर येऊन म्हणाली, "मग स्वतः लाटा." बाबा खुशीत जेवले.

दवाखान्यात तर त्यांनी एक पदच मिळवलं. लाजणाऱ्या मालकांना ते धीर देत. "बोला, बोला. मीही आधी असाच होतो." कोणी आडवळणाने बोललं तर शिरस्तेदारी आवाजात, "बयान मुद्द्याला धरून द्या." कौसल्याबाई त्यांना वकीलसाहेब म्हणू लागल्या.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीची गोष्ट. त्या दिवशी मीही डबा घेऊन बरोबर होतो. दवाखान्याचं दार अर्धं लावलेलं. कौसल्याबाई बाहेर बसल्या होत्या, त्यांच्यापुढे एकही भांडं नव्हतं, यावरूनच आम्ही समजायला हवं होतं.

"चांदणी उठून नाही राहिली," त्या म्हणाल्या. "सकाळपासून. औषध झालं, शेक झाला, सगळं झालं. आता डॉक्टर तिच्यापाशी बसून हायेत. पाणी पीत नाहीत, बोलत नाहीत. मी म्हटलं घरी जा, तर घर कुठं हाय म्हणते."

तोपर्यंत आम्हाला माहीत नव्हतं. दवाखाना बंद झाल्यावर डॉक्टर कुठे जातात हे कोणी विचारलंच नव्हतं. तट्ट्यामागे, चांदणीच्या पलीकडे, भिंतीला लावलेली खाट, एक कंदील, एक पातेलं. मी इतक्यांदा तिथे गेलो होतो आणि माझी नजर कायम चांदणीच्या मानेपर्यंतच पोचली होती.

डॉक्टर गवतावर बसले होते. चांदणी आडवी. तिचं डोकं त्यांच्या मांडीवर आणि खिशातला कांदा तसाच खिशात.

बाबा आत गेले. दवाखान्यातलं डॉक्टरांचं स्टूल उचलून आणलं, चांदणीसमोर ठेवलं, त्यावर बसले. पाहुणे जाऊन डॉक्टरांच्या बुटांशी टेकले. बाबांनी घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या देखत तरी पहिल्यांदा, नागपुरीत बोलले.

"काहून जी चांदणी, काय होऊन राहिलं?"

डॉक्टरांनी वर पाहिलं नाही.

"आम्ही थांबतो," बाबा म्हणाले. "बयानाशिवाय इथे सुई उचलत नाहीत."

 मग डॉक्टर तिच्या आयाळीत बोटं घालून हळू म्हणाले, "पाय दुखते. वय झालं. त्याचं काही नाही."

"मग?"

"मी उभी होती तोवर हा माह्याशी बोले. दिवसभराचं सगळं मले सांगे. कोणी काय खाल्लं, कोण कसं लाजलं. मी गेल्यावर हा कोणाशी बोलन? हा घोर हाय मले. त्याच्यानं डोळा नाही लागून राहिला."

कौसल्याबाई दारातून आत आल्या आणि तशाच परत बाहेर गेल्या.

बाबांनी स्टूल थोडं पुढे सरकवलं. आवाज अगदी पूर्वीचा, कागद वाचून दाखवतानाचा. "चांदणी, ऐका. याला रोज दवाखाना बंद झाला की आमच्या घरी पाठवायचं. जेवायला. रस्ता पाहुण्यांना माहीत आहे, ते घ्यायला येतील. आमच्याकडे पोळी जाड असते, पण भांडायला माणसं भरपूर आहेत. मी बोलायला असतो. मला दिवसभराचं ऐकायची सवय आहे, ती माझी नोकरीच होती. तुम्ही काळजी सोडा आणि झोपा."

चांदणीचा डोळा लागला. ती आणखी काही दिवस राहिली, उठत नसली तरी खात होती. त्या दिवसांत पाहुणे संध्याकाळी बाबांना घेऊन जात आणि येताना डॉक्टरांना आणत. डॉक्टर पाटावर संकोचून बसायचे, खाकी चड्डीत मांडी घालून. सुमनने विचारलं, "डॉक्टर, आणखी भात?" तर म्हणायचे, "चांदणीनं पोटभर जेवून ये म्हटलं आहे." "भाजी तिखट झाली का?" तर, "चांदणीले विचारून सांगतो." आम्ही कोणी हसलो नाही. आमच्या घरात हे सगळं आधी होऊन गेलं होतं. असं बोलणं किती दिवस लागतं ते आम्हाला ठाऊक होतं.

मग एका सकाळी कौसल्याबाईंचा निरोप आला. चांदणी गेली.

संध्याकाळी पाहुणे स्वतःहून फाटकाशी जाऊन उभे राहिले. बाबांनी चपला घातल्या. सुमनने एक पान जास्त मांडलं आणि मग येतील की नाही म्हणून उचलून ठेवलं आणि पुन्हा मांडलं. मी उगाच अंगणात कुंड्या सरकवत होतो.

दोघं गेले आणि तिघं आले. पाहुणे पुढे, मागे बाबा, त्यांचा एक हात डॉक्टरांच्या पाठीवर. डॉक्टर ओसरीवर बूट काढत थांबले. चष्म्याच्या काडीची सुतळी सुटली होती, ती बांधत राहिले. त्यांना काय विचारावं हे आमच्यापैकी कोणालाच सुचेना. विचारायचं कोणाच्या नावाने, हाही प्रश्नच होता.

सुमन दारात आली. "या डॉक्टर," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मले भूक लागली वं."